राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव, पण दवाखान्याचं बिल भरलं देणगीदारांनी : विठाबाई नारायणगावकर कोण होत्या?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

नाव लांबलचक आहे. पण तमाशाच्या जगात ते असंच घेतलं जायचं. त्यात बाई आहे, बाप आहे, जात आहे आणि गावही आहे. पुणे, नगर, नाशिक, सातारा या पट्ट्यातल्या एका पिढीला एवढं नाव कानावर पडलं की पुढचं काही सांगायची गरज नसायची. आज रात्री खेळ आहे, आणि तो चुकवायचा नाही, हे कळलेलं असायचं.

२०२५ साली त्यांच्या आयुष्यावर हिंदी सिनेमा तयार होत असल्याच्या बातम्या आल्या. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, मुख्य भूमिकेत श्रद्धा कपूर. मग अनेकांनी पहिल्यांदाच हे नाव इंटरनेटवर शोधलं. शोधलं की पहिल्यांदा एकच गोष्ट समोर येते. स्टेजमागचं बाळंतपण, आणि नाळ तोडायला वापरलेला दगड. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, ती पुढे येईलच. पण तेवढीच वाचून थांबलं, तर ती बाई त्या अवस्थेत स्टेजवर का उभी होती हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

तर सुरुवातीपासून बघू.

विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून विठा

नावात नारायणगाव असलं तरी विठाबाईंचा जन्म नारायणगावचा नाही. जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. विठोबाच्या गावात झालेली पोर, म्हणून नाव विठा.

घरात तमाशाच होता. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा त्या काळातला मोठा फड. जातीचं नाव असं उघडपणे फडाच्या नावात असणं आज अनेकांना खटकेल. पण तमाशा उभा केला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजातल्या कलावंतांनी. गावकुसाबाहेरच्या माणसांची कला बघायला अख्खं गाव रात्रभर बसायचं आणि सकाळी पुन्हा शिवाशिव पाळायचं. रात्री टाळ्या मिळाल्या म्हणून दिवसा पाणवठा खुला होत नव्हता.

विठा शाळेत फारशी रमली नाही. तिची शाळा फडातच होती. लावणी, गवळण, भेदिक हे सगळं तिच्या कानावर रोज पडत होतं. भेदिक म्हणजे कोडं घालणारी शाहिरी. एका शाहिरानं गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. असलं रोज ऐकत वाढलेलं पोर तालाला कच्चं राहील कसं? कुणी समोर बसवून शिकवलं नाही, तरी लहान वयातच ती स्टेजवर सहज वावरायला लागली.

नारायणगावच का?

तमाशाचं नाव निघालं की नारायणगावचं नाव निघतंच. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. त्यामागे भूगोल आहे आणि बाजारही आहे.

नारायणगाव जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर. थोडं पुढे गेलं की आळेफाटा, तिथे कल्याण-नगर रस्ता आडवा येतो. म्हणजे मुंबई, पुणे, नाशिक, नगर चारही दिशांना इथून निघता येतं. शंभरेक माणसं, तंबू आणि सामान घेऊन रोज नवं गाव गाठणाऱ्या फडाला याहून सोयीची जागा कुठली?

दुसरं कारण शेतीचं. जुन्नर-आंबेगावचा पश्चिमेकडचा भाग डोंगराचा, धो-धो पावसाचा. पूर्वेकडे सरकलं की पाऊस आटत जातो. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेला बेल्हे लागतं, पुढे आणे. हे आण्याचं पठार पर्जन्यछायेतलं. अशा गावांमध्ये रब्बीची ज्वारी घरात आली की कामं संपतात, हात मोकळे होतात, थोडा पैसाही हातात असतो. नेमकं तेव्हाच चैत्र लागतो आणि गावोगावच्या यात्रा सुरू होतात.

या भागातली यात्रा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी क्रम सांगायला हवा. दिवसा घाटात बैलगाडे पळतात. संध्याकाळी देवाचा छबिना निघतो. रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी, म्हणजे रात्रभर जागलेल्या कलावंतांनी पुन्हा उभं राहून गायचं. मग कुस्त्या. शेजारच्या गावानं कुठला फड आणला आणि आपण कुठला, यावर गावाची इज्जत ठरायची.

हा फड ठरवायला गावकरी नारायणगावात येतात. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं हंगामी कार्यालय. यात्रा कमिटीची माणसं येतात, फडमालकाशी घासाघीस करतात, तारीख आणि रक्कम ठरते. याला सुपारी देणं म्हणतात. शहरी वाचकांना या शब्दानं दचकायला होईल, पण तमाशात तो अगदी सभ्य व्यवहार आहे.

बंदीच्या काळातलं बालपण

विठा मोठी होत होती तेव्हा तमाशावर वाईट वेळ आली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्याच्या सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. हजारो पोटं हातावर असलेल्या या धंद्याला तो मोठा फटका होता. पुढे बंदी उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. तमाशा सुधारायला हवा, असं ठरवणारे बहुतेक लोक तमाशा करणारे नव्हते.

त्याआधीच आणखी एक मोठा बदल झाला होता. पूर्वी तमाशात बायकांची कामं पुरुषच करायचे. मुलग्याला साडी नेसवून नाच्या पोऱ्या म्हणून उभा करायचे. पठ्ठे बापूराव यांच्या फडात पवळा आली आणि बाई स्टेजवर आल्यावर तिकीटबारीवर काय होतं ते सगळ्यांना दिसलं. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, तेव्हा विठा दहा वर्षांची होती. तिच्या पिढीपर्यंत बाईशिवाय फड ही कल्पनाच मागे पडलेली होती. तरीही पैसे, उचल आणि रस्ता ठरवणारा फडमालक बहुतेक वेळा पुरुषच असायचा.

एका रात्रीत किती कामं?

विठाबाईंना लावणी कलावंत म्हटलं जातं. ते अपुरं आहे. त्यासाठी तमाशाचे दोन प्रकार कळायला हवेत.

एक संगीतबारी. त्यात गाणं, नाच आणि अदाकारी, तीही थिएटरमध्ये किंवा बैठकीत, कमी लोकांसमोर. यमुनाबाई वाईकरांसारखी मोठी नावं या परंपरेतली. दुसरा ढोलकी फड. त्यात गाणंनाच आहेच, वर अख्खं नाटक आहे, आणि ते उघड्यावर किंवा तंबूत, हजारो लोकांपुढे. विठाबाई या दुसऱ्या प्रकारातल्या.

ढोलकी फडाची रात्र गणानं सुरू होते, गणपतीला वंदन करून. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशीचं काम बहुतेक वेळा पुरुष करतो आणि हशा तोच पिकवतो. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याची चटपटीत बोलाचाली. मग रंगबाजी, लावण्यांवर लावण्या. आणि मध्यरात्र उलटली की वग, म्हणजे नाटक. राजाराणीचं, ऐतिहासिक, नाहीतर डाकूचं किंवा आजच्या संसाराचं.

म्हणजे बघा, एका बाईनं रात्री दहाला राधा व्हायचं, बाराला लावणीवर घुंगरू वाजवायचे आणि दोन वाजता वगात नायिका म्हणून रडायचं. गाणं स्वतः म्हणायचं, पार्श्वगायिका वगैरे भानगड नाही. नाचताना दम लागलेला असतानाच वरच्या पट्टीत आवाज लावायचा, तो मागच्या कनातीपर्यंत पोचवायचा. शेवटच्या रांगेत झाडाला टेकून बसलेल्या माणसाला ऐकू आलं नाही तर तो गप्प बसत नाही.

विठाबाई या तिन्ही कामांत एकाच वेळी पहिल्या नंबरला होत्या, हे त्यांचं वेगळेपण. मुंबईची केळेवालीसारख्या वगांमधून त्या गाजल्या. पोटासाठी नाचणाऱ्या बाईची कैफियत मांडणारी एक लावणी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ती त्यांच्याच आयुष्यावर लिहिल्यासारखी वाटायची, लोक त्यासाठी वन्समोअर मागायचे. गर्दी चढेल झाली, कुणी वेडंवाकडं बोललं, तर स्टेजवरूनच त्याला गप्प करायचा धाकही त्यांच्यात होता. तंबूतल्या गर्दीपुढे हा धाक आवाजाइतकाच कामाचा.

१९५७ साली राष्ट्रपती पदकानं त्यांचा गौरव झाला. तेव्हा राष्ट्रपतिपदी डॉ. राजेंद्र प्रसाद होते. विठाबाई होत्या बावीस वर्षांच्या. गावकुसाबाहेर जन्मलेल्या, शाळेत न रमलेल्या मुलीसाठी ही केवढी झेप होती! चीन युद्धाच्या काळात सीमेवरच्या जवानांपुढे त्यांनी खेळ केल्याची आठवणही तमाशाच्या जगात अभिमानानं सांगितली जाते.

आता ती दगडाची गोष्ट

विठाबाई गरोदर होत्या. दिवस भरत आलेले. तरी खेळ ठरलेला होता आणि त्या स्टेजवर होत्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, स्टेजमागे बाळंत झाल्या. नाळ दगडानं तोडली. बाळ बाजूला दिलं, पदर खोचला आणि उरलेला खेळ करायला पुन्हा बाहेर आल्या. थोड्या वेळापूर्वी पोट दिसत होतं, आता दिसत नाही, हे प्रेक्षकांच्या लक्षात आलं. काय झालंय हे कळल्यावर लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला आणि त्यांना विश्रांती घ्यायला लावली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि कलेवरच्या निष्ठेला सलाम करतात. सलाम करायलाच हवा. पण फडाचा हिशोब माहीत असलेला माणूस हीच गोष्ट जरा वेगळी ऐकतो.

फडात नायिकेच्या नावावर सुपारी ठरते, तिच्याच नावावर तिकीट फाटतं. ती उभी राहिली नाही तर गावकरी पैसे अडवतात, तिकिटाचा खेळ असेल तर लोक तंबूवर दगड टाकायला कमी करत नाहीत. तिच्या मागे ढोलकीवाला आहे, झीलकरी आहेत, सोंगाड्या आहे, स्वयंपाकी आहे, तंबू ठोकणारी माणसं आहेत. यातल्या बहुतेकांनी हंगामाच्या आधीच उचल घेतलेली असते, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ते घरी खर्चूनही झालेले असतात. हंगाम साधारण दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात कमाई शून्य. बाळंतपणाची रजा, बदली कलावंत, विमा यातलं काहीच नाही.

अशा व्यवस्थेत नऊ महिन्यांच्या बाईनं त्या रात्री सुट्टी घ्यायची म्हणजे शंभर माणसांच्या चुलीवर पाणी ओतायचं. विठाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या याच घरात वाढल्या होत्या. म्हणून त्या उभ्या राहिल्या.

आणि प्रेक्षकांचंही श्रेय कमी नाही. याच गर्दीला अडाणी, रांगडी, शिट्ट्या मारणारी म्हणून नावं ठेवली जातात. त्या रात्री खेळ थांबवण्याची माणुसकी दाखवली ती त्यांनीच.

मालकीण झाल्यावर

भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या विठाबाईंनी पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवला. बाईचं नाव वर, बापाचं त्यापुढे. ऐकायला हे भारी वाटतं, पण फडमालकीण होणं म्हणजे कलावंत असण्यावर कर्जदार होणंही आलं.

फडाचं अर्थकारण सोपं आणि क्रूर आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. तंबू, वाहनं, कपडे, लाईट, सगळ्याला पैसा लागतो. बँक तमाशाला दारात उभं करत नाही. मग सावकार. त्याचं व्याज चढतं. हंगामात पाऊस अवेळी झाला, एखाद्या गावात भांडण झालं, निवडणुका किंवा दुष्काळामुळे यात्रा बारीक झाल्या, की हिशोब कोलमडतो. पुढच्या वर्षी जुनं फेडायला नवं कर्ज. दुष्काळी पट्ट्यातला शेतकरी आणि त्याला रात्री हसवणारा तमाशावाला, दोघांची खतावणी साधारण सारखीच निघते.

सत्तर-ऐंशीच्या दशकात आणखी संकटं आली. आधी सिनेमानं तमाशाच उचलून पडद्यावर नेला. सांगत्ये ऐकापासून पिंजरापर्यंत तमाशापट तुफान चालले, त्यातल्या नट-नट्यांची घरं उभी राहिली. खऱ्या फडावर मात्र प्रेक्षक आता सिनेमातलीच गाणी मागायला लागला. मग टीव्ही आला, गावात व्हिडिओ आला. रात्रभर वग बघायचा धीर कमी झाला आणि रंगबाजीत हिंदी गाण्यांवरचा नाच वाढला. विठाबाईंची कमाई होती ती गवळण-लावणी-वग या तिन्हींवरची हुकूमत. तिची गरजच बाजारात कमी होत गेली.

१९९० साली पुन्हा एकदा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पहिल्या पदकानंतर तेहतीस वर्षांनी. एवढ्या काळात सरकारं आली-गेली, बॉम्बेचा महाराष्ट्र झाला, पण फडावरच्या बाईला म्हातारपणी काय, या प्रश्नाचं उत्तर कुणी तयार केलं नव्हतं. पदक भिंतीवर लागतं, सावकाराकडे ते चालत नाही.

शेवटची वर्षं

विठाबाईंचा शेवटचा काळ ओढगस्तीत गेला. शरीर थकलं होतं आणि त्या शरीरावरच सगळी कमाई उभी होती. आजारपण आलं, दवाखाना आला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. वय ६६. दवाखान्याचं बिल देणाऱ्यांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं.

महाराष्ट्राला तमाशासम्राज्ञी म्हणून त्या माहीत होत्या. सम्राज्ञी हा शब्द त्यांच्या बाबतीत इतक्या वेळा छापला गेलाय की तो वाचताना आता कुणी थबकत नाही. ज्या बाईच्या नावावर हंगामच्या हंगाम तंबू भरले, तिच्या नावावर शेवटी उपचारापुरते पैसे नव्हते. यात तिच्या उधळपट्टीचा किंवा नशिबाचा भाग शोधणारे लोकही आहेत. पण त्याच काळातल्या इतर फडांची अवस्था पाहिली तर तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं, आणि सगळ्यांचं नशीब एकाच साच्यातलं कसं असेल?

विठाबाईंचं चरित्र योगीराज बागूल यांनी लिहिलं, तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा या नावानं. दगडाच्या गोष्टीपलीकडची बाई ज्यांना हवी आहे, त्यांनी सिनेमाची वाट बघता बघता ते वाचायला हरकत नाही.

२००६ पासून महाराष्ट्र सरकार विठाबाईंच्या नावानं दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. तमाशासाठी आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठ कलावंताला तो मिळतो, सोबत लाखांच्या घरात रक्कमही असते. पहिला पुरस्कार कांताबाई सातारकर यांना मिळाला. त्याही ढोलकी फडावरच्याच, त्यांनीही स्वतःचा फड चालवलेला. पुढे हा पुरस्कार विठाबाईंच्या मुलीला, मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्याच फडात तयार झालेल्या मंगलाताईंनी नंतर करवडीकर या नावानं स्वतःचा फड उभा केला आणि मुलगा नितीनकुमार याला सोबत घेऊन गावोगाव नेला.

आजही पाडव्याच्या आसपास नारायणगावात राहुट्या लागतात. बाहेर फडांचे मोठाले बोर्ड, आत लाकडी टेबल, वही आणि चहा. जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर, संगमनेरच्या यात्रा कमिट्या एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरत भाव काढत असतात. त्या बोर्डांवर नारायणगावकर हे आडनाव अजून दिसतं.